जगदेवच्या हातची मोटार

जगदेव गेला तो भर दुपारी, आणि भर दुपारी गेलेलं माणूस लवकर वाट सोडत नाही, असं अनसिंगातली जुनी माणसं म्हणतात.

तांड्यावरच्या किसनसिंगच्या विहिरीत तो मोटार बसवायला उतरला होता. बोल्ट आवळून वर आला, काठावर टेकला आणि पाणी मागितलं. किसनसिंग तांब्या घेऊन येईस्तोवर त्याची मान कलली होती. चैत्राचं ऊन होतं. कोणी म्हणालं ऊन लागलं, डॉक्टर म्हणाले हृदय बंद पडलं. त्याच्या बायकोला, उज्ज्वलाला, दोन्ही सारखंच होतं. मागं राहिली ती, सासू रुखमाबाई, शाळेत जाणारी मुलगी राखी आणि पुसद रस्त्यावरचं दुकान.

जळलेल्या मोटारीतली काळी पडलेली तार उपसून काढायची, नव्या तांब्याच्या तारेच्या कॉइली खाचांत बसवायच्या, दोऱ्यानं बांधायच्या, वार्निश पाजायचं, याला मोटार भरणं म्हणतात. जगदेवच्या हातची मोटार जळत नाही, असा त्याचा आजूबाजूच्या गावांत लौकिक होता. त्या लौकिकात उज्ज्वलाचा वाटा होता, पण तो घराच्या मागच्या ओट्यावर होता, कोणाला दिसत नव्हता. लग्न होऊन आली त्या वर्षापासून तिथं बसून ती हातमशीन फिरवून कॉइली करायची, दोन कॉइलींच्या मध्ये घालायचे कागद कापून ठेवायची. जगदेव त्या पिशवीत भरून दुकानात न्यायचा; कमी पडल्या तर दुपारी दुकानातल्या मशीनवर स्वतः फिरवायचा. कधी तिनं विचारलं, की हे टोक त्या टोकाला काहून जोडता, तर तो हसायचा. "तू आटे घाल, उज्ज्वले. बाकीचं तुले नाई समजत." त्यात राग नसायचा. म्हणूनच तिनंही ते खरं मानलं होतं.

तेरावं झालं आणि दुसऱ्याच दिवशी एक शेतकरी दारात उभा राहिला. त्याची मोटार दुकानात अर्धवट पडली होती, आणि रानात पाण्यावाचून भुईमूग उभा होता. "झाली का पाहून ठेवा," म्हणाला, "नाईतर तशीच वाशिमले नेतो."

उज्ज्वलानं दुकान उघडलं. रस्त्यावर, येत्याजात्या माणसांच्या डोळ्यांसमोर मोटार मांडीशी घेऊन बसायची तिला लाज वाटली. तिनं शटर अर्धं खाली ओढलं. कॉइली तिनंच केलेल्या होत्या, त्या बसवल्या. मग टोकं जोडायची वेळ आली आणि हात थांबला. एवढी वर्षं दारातून, डबा देताना, झाडताना पाहिलेलं सगळं डोळ्यांपुढं होतं, तरी बोट पुढं जाईना.

तेव्हा मागं कोणीतरी खाकरलं.

जगदेवची सवय होती ती. जोडणी करायच्या आधी दोनदा घसा साफ करायचा. अगदी तसंच. तिनं वळून पाहिलं नाही. वळले तर कोणी नसेल आणि कोणी असेल, दोन्हीची तिला सारखीच भीती वाटली. ती तशीच पुढं वाकली आणि हातांना जसं सुचेल तशी टोकं जोडत गेली. मोटार चालू केली, तर गुणगुणत फिरली.

शेतकऱ्याला ती म्हणाली, "त्यायनंच भरून ठेवली होती. मले दिसली नव्हती."

पहिल्या दोन-चार मोटारींना हे खपलं. पण मोटारी येत राहिल्या, आणि जगदेव काही सगळ्या गावाच्या मोटारी भरून गेला नव्हता. प्रश्न सुटला तो रामधनमुळं. समोर रामधनचं चहाचं हॉटेल होतं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की तो बाकड्यावर आडवा व्हायचा. सगळं गाव उन्हानं मुकं झालेलं, आणि त्या अर्ध्या शटरमागून हातमशीनची कटकट ऐकू येतेय. तीच लय, तीच मध्येच थांबायची तऱ्हा. त्यानं एकाला सांगितलं, एकानं दोघांना. "जगदेव कुठी गेला नाई, बाप्पा. दुपारची मशीन फिरवून राह्यला. भाभी नुसती सोबतीले बसते."

अर्धे लोक चेष्टेनं बोलले, अर्धे मनापासून. पण मोटारी वाढल्या. लोक शटरसमोर मोटार ठेवायचे, वर नारळ ठेवायचे. एकजण तर हात जोडून म्हणाला, "जगदेवभाऊ, हरभऱ्याले पाणी द्या लागते. मंगळवारलोग जमवा." आत उज्ज्वला श्वास रोखून बसली होती. मंगळवारी त्याची मोटार तयार होती.

त्यानंतर तिनं कोणाला खोटं सांगितलं नाही, आणि खरंही सांगितलं नाही. बाईच्या हातात मोटार कोण देईल, हा एक विचार. पण त्याहून खोलवर दुसरी गोष्ट होती. तिला स्वतःलाच वाटत नव्हतं की हे काम ती करतेय. जोडणीपाशी आली की ती थांबायची. वाट पाहायची. खाकरणं ऐकू आलं की मगच हात चालायचा. एखाद्या दिवशी नाही आलं तर मोटार तशीच झाकून घरी जायची आणि राखीला सांगायची, "आज अंग दुखते." हात तिचे होते, पण त्यांत दुसरंच कोणी येऊन बसतंय अशी तिची खात्री होत चालली होती. रात्री भाकरी थापतानासुद्धा ती आपल्या बोटांकडे परक्याच्या बोटांकडे पाहावं तशी पाहायची.

आणि रुखमाबाई. गावात बोलणं उठलं तसं म्हातारीच्या अंगात जीव आला. पोरगा गेल्यापासून अंथरुणाला खिळलेली ती रोज दुपारी डोक्यावर पदर घेऊन दुकानावर यायला लागली. शटरच्या फटीतून दोन ग्लास चहा आत सरकवायची.

"हा तुहा, उज्ज्वला. अन् हा त्याचा. त्याचा तू पेऊ नको." मग पायरीवर बसायची आणि आत तोंड करून बोलायची. शेजारची म्हैस व्याली, राखीचे केस गळून राह्यले, यंदा तुरीले शेंगा लय हायत. मशीन थांबलं की म्हणायची, "आयकून राह्यला ना रे?" तेव्हा उज्ज्वला मशीन फिरवायची, कारण दुसरं काय करावं ते तिला कळायचं नाही. दोन्ही ग्लास रिकामे होऊन बाहेर यायचे. म्हातारी दुसरा ग्लास हातात धरून बराच वेळ पाहायची.

जगदेवचा चहाही उज्ज्वलाच प्यायची. भरलेला ग्लास परत गेला असता, तर म्हातारी घरी कशी गेली असती?

असं ते वर्ष सरत आलं. घरात काही उणं नव्हतं. राखीला सायकल आली होती. वाशिमचा तारवाला व्यापारी आता स्वतः फोन करून विचारायचा, किती तार पाठवू. आणि या सगळ्यात उज्ज्वला कुठंच नव्हती.

पौषात, गव्हाला पाणी द्यायच्या ऐन मोसमात, किसनसिंगचा ट्रॅक्टर दुकानासमोर थांबला. मागं ट्रॉलीत जळलेली मोटार होती. जगदेवनं बसवलेली शेवटची मोटार. किसनसिंगनं ती देवासारखी जपली होती, दसऱ्याला तिला हार घातला होता. दिवाळीत तिचं बेरिंग आवाज करायला लागलं म्हणून त्यानं ती आणली होती, आणि बेरिंग उज्ज्वलानं बदललं होतं. हे एक काम ती उघड करायची. तेवढं बाईला जमतं, असं लोक धरून चालले होते.

"वहिनी, मोटर जयली." किसनसिंगचा आवाज चढला नाही, तेच जास्त लागलं. "भाऊच्या हातची होती. सहा-सात महिने काही झालं नाई. तुमी हात लावला, अन् जयली."

रामधन हॉटेलातून उठून आला. त्याच्या मागं चहा पिणारे दोन-चार जण आले. "भाभी, त्याच्या कामाले हात कायले लावा लागत होता?" रामधन म्हणाला. "त्याले नसन आवडलं."

उज्ज्वलाला वाटलं, खरंच असेल. बेरिंग ठोकताना धक्का लागला असेल, तार दुखावली असेल. आपल्याला काय येतं? तिनं मोटार आत घेतली आणि शटर ओढून घेतलं. बाहेर माणसं थांबून राहिली.

दिवाळीत तिनं बेरिंगच्या बाजूचं झाकण उघडलं होतं, आता दुसऱ्या बाजूचं उघडलं. जळक्या वार्निशचा उग्र वास आला. आधी ती नुसती बसून राहिली, मागच्या आवाजाची वाट पाहत. दुकान गप्प होतं. मग तिनं मोटार उजेडाकडं वळवली.

कॉइलींवरून फिरलेला बांधणीचा दोरा तिला ओळखीचा होता. जगदेवची बांधणी म्हणजे गजऱ्यासारखी, एकेक गाठ सारख्या अंतरावर. अर्ध्या गोलापर्यंत ती तशीच होती. पुढं एक गाठ सैल दिसली. त्याच्या पुढची त्याहून सैल. मग गाठी लांब लांब गेल्या, आणि शेवटी तर दोरा बांधलाच नव्हता, नुसता खोचला होता. तिनं बोटानं कॉइली बाजूला केल्या. मध्ये घालायचे कागद, जे तिनंच कापून दिले होते, ते या बाजूला नव्हते. तिथंच तार तारेला घासून मोटार जळली होती. बेरिंगची बाजू धड होती.

पहिल्यांदा तिला सुटल्यासारखं वाटलं. आपण नाही जाळली.

आणि मग तिला ती सकाळ दिसली. त्या दिवशी जगदेवनं भाकरी तशीच ठेवली होती, पित्त झालंय म्हणाला होता. इथं, याच पोत्यावर बसून त्यानं ही मोटार बांधायला घेतली होती. आणि अर्ध्यात त्याच्या छातीत कळ निघाली होती. त्यानं कोणाला हाक मारली नव्हती. हात चालेना, तरी तसाच बांधत राहिला होता, सैल, अजून सैल, आणि बाहेर किसनसिंग ट्रॅक्टर घेऊन थांबला होता. त्याचं मरण या दोऱ्यात पहिल्या गाठीपासून शेवटच्या गाठीपर्यंत लिहिलेलं होतं. आपण वर्षभर त्याला पाठीमागं शोधत होतो आणि तो इथं होता, किसनसिंगच्या विहिरीत, हार घातलेल्या या लोखंडात. उज्ज्वलानं त्या सैल दोऱ्यावर हात ठेवला आणि वर्षात पहिल्यांदा मोठ्यानं रडली.

बाहेर कुजबुज थांबली. आतून बाईचं रडणं येतंय म्हटल्यावर माणसं दोन पावलं मागं सरली.

तार उपसून भंगारात टाकली असती, तर कोणालाच कळलं नसतं. दोष तिच्यावर आला असता आणि जगदेवचं नाव राहिलं असतं. तिनं तसा विचार केला. बराच वेळ केला. मग डोळे पुसून उठली आणि शटर वरपर्यंत उचललं. एवढं वर ते वर्षभरात गेलं नव्हतं. गंजलेल्या पट्ट्या करकरल्या आणि सगळी दुपार आत आली.

"किसनभाऊ, आत या. रामधनभाऊ, तुमीबी या."

तिनं दोरा दाखवला. इथून इथपर्यंत पाहा. आता इथं पाहा. इथं कागद नाई. ती हळू बोलत होती, पण अडखळत नव्हती. "त्यायले बांधता बांधताच दुखू लागलं होतं. त्यायनं सांगितलं नाई."

किसनसिंग गुडघ्यावर बसून पाहत राहिला. "घामानं भिजून गेल्ता थो," तो म्हणाला. "मी म्हणलं ऊन हाय. दिवसाची लाइन जाईन म्हणून मीच घाई केली, वहिनी. लवकर करा, लवकर करा म्हणून डोक्यावर बसलो."

"मंग बाकीच्या?" रामधननं विचारलं. "वर्षभरात ज्या मोटरी गेल्या, त्या?"

"तेराव्यानंतर या दुकानातून गेलेल्या साऱ्या मोटरी मी भरल्या. त्यायनं एकबी नाई."

"अन् दुपारचा आवाज?"

"मशीनचा. मी फिरवत होती."

पायरीवर ग्लास वाजले. रुखमाबाई कधीची येऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. "मंग माह्या पोराचा चहा कोण पेत होतं?" तिनं विचारलं.

उज्ज्वला खाली पाहत म्हणाली, "मी, आत्याबाई."

म्हातारीनं दोन्ही ग्लास पायरीवर ठेवले. "थो चैतात मेला म्हणून सांगत होते लोकं," ती म्हणाली. "मले तर आज मेला." आणि भिंतीला हात लावत, कोणाचा आधार न घेता ती घराकडे गेली.

दुसऱ्या दिवसापासून लोक आपापल्या मोटारी उचलून वाशिमला न्यायला लागले. भुताच्या भरवशावर मोटारी ठेवणारी माणसं बाईच्या भरवशावर ठेवायला तयार नव्हती. घरी रुखमाबाई तिच्याशी बोलेना. ताट समोर ठेवलं तर जेवायची, एवढंच. राखी दोघींच्या मध्ये वही उघडून बसायची.

दुकानात एकच मोटार उरली, किसनसिंगची. तो ती न्यायला आला नाही. "तुमीच भरा," एवढा निरोप त्यानं पाठवला.

उज्ज्वलानं ती उघड्या शटरमध्ये भरली. समोर हॉटेलातून माणसं पाहत होती, कोणी हसतही असेल. जुनी तार उपसताना तिचे हात जड झाले होते. नव्या कॉइली बसल्या, कागद बसले, आणि जोडणी आली. ती थांबली. सवयीनं कान मागं लागले. रस्त्यावरून एसटी गेली, रामधनचा स्टोव्ह फरफरत होता. बाकी काही नाही. पाठीमागं भिंत होती, भिंतीवर तारेची बंडलं होती. एवढं रिकामं ते दुकान तिला कधी वाटलं नव्हतं. घाबरून तिनं टोकं खाली ठेवली, पुन्हा उचलली. मग पहिलं टोक कुठं जातं ते तिनं स्वतःशीच पुटपुटून सांगितलं, आणि जोडलं. दुसरं सांगितलं, आणि जोडलं. ते सगळं तिला येत होतं. केव्हाचं येत होतं.

मोटार बसवायला ती तांड्यावर गेली तेव्हा विहिरीत उतरायला एकही गडी तयार होईना. दिवसाची लाइन, म्हणजे शेतीची वीज, आली होती, ऊन डोक्यावर होतं, आणि जगदेव गेला ती हीच वेळ होती. किसनसिंग स्वतः पुढं झाला, पण काठावरूनच मागं फिरला. उज्ज्वलानं पदर खोचला आणि लोखंडी कड्या धरून खाली उतरली.

आतल्या कट्ट्यावर गार होतं. खाली पाणी काळं, हलत नव्हतं. साखळीनं मोटार खाली आली, तिनं ती जागेवर घेतली. बोल्ट आवळायला वाकली आणि पाण्यावर एक सावली पडली, काठावर कोणीतरी बसल्यासारखी. या वेळी तिनं वर पाहिलं. वर नुसतं गोल आभाळ होतं, डोळ्यांत सलणारं. किसनसिंग तर पलीकडच्या बाजूला साखळी धरून होता. पुन्हा पाण्याकडं पाहिलं, तर सावली गेली होती.

"झालं का, वहिनी?" वरून हाक आली. "लाइन..."

"घाई करू नका, किसनभाऊ," ती म्हणाली. आवाज विहिरीत घुमून तिलाच परत ऐकू आला. तिनं एकेक बोल्ट पुरता आवळला, पुन्हा तपासला, मगच वर आली. स्टार्टर दाबताना मात्र तिचे डोळे मिटले होते. मोटार फिरू लागली. पाइपातून आधी हवा आली, मग पाणी आलं आणि गव्हाच्या वाफ्यात पसरत गेलं. किसनसिंग बांधावर बसून लहान पोरासारखा रडत होता. तिनं त्याला रडू दिलं.

तीच मोटार मग तिच्यासाठी बोलली. गव्हाचं सगळं पाणी तिच्यावर निघालं. किसनसिंग विचारील त्याला सांगायचा, उज्ज्वलावहिनीनं भरली म्हणून. वाशिमला गेलेल्या मोटारींतल्या काही परत आल्या. ज्यांच्या मोटारी तिनं त्या वर्षभरात भरल्या होत्या, त्यांच्या लक्षात आलं की त्या अजून चालूच आहेत. उन्हाळा लागेस्तोवर दुकानासमोर पुन्हा मोटारींची रांग होती. नारळ मात्र कोणी आणत नव्हतं. लोक आता भाव करायचे, उशीर झाला तर भांडायचे, आणि ती त्यांच्याशी भांडायची. पुढं किन्हीराजाहून वैजयंती नावाची एक बाई हे काम शिकायला येऊ लागली.

रुखमाबाई बोलली ती पावसाळ्याच्या तोंडाशी. उज्ज्वला रात्रीचं आवरून ओट्यावर टेकली होती. म्हातारी अंधारातून म्हणाली, "त्याले लय दुखलं असन का व?"

इतक्या दिवसांनी आलेला आवाज ऐकून उज्ज्वला दचकली. काय सांगावं, याचा तिनं विचार केला. खोटं सांगायचं नव्हतं.

"दुखलं असन, आत्याबाई. पण अर्धी मोटर त्यायनं लय मन लावून बांधली होती. तशी मले अजून जमत नाई."

म्हातारी सरकून तिच्याजवळ येऊन बसली. "जमन," ती म्हणाली, आणि उज्ज्वलाचा तारेनं चिरलेला हात आपल्या मांडीवर घेऊन, त्यावरच्या भेगा बोटानं चाचपत राहिली.